ग्रँड ज्युरीपुढील साक्षीदाराची शपथ आणि न्यायालयाचा अवमान

अमेरिकेत वसाहतींच्या काळापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रँड ज्युरीपुढच्या, म्हणजे आरोप खटला चालवण्याजोगा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढच्या, साक्षीदाराला बोलते करण्याची दोन साधने होती : शपथ आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दलची शिक्षा. दोन्ही न्यायाधीशाच्या हाती होती. ग्रँड ज्युरी बंद दाराआड बसे, हवे ते विचारी, पण गप्प बसलेल्या साक्षीदाराला स्वतःच्या अधिकारात एक दिवसही डांबून ठेवू शकत नसे. तिला न्यायालयाकडे धाव घ्यावी लागे. साक्षीदाराच्या मौनाच्या हक्काची सीमा यामुळेच उघड्या न्यायालयात, कारणे देऊन आखली गेली.

ग्रँड ज्युरीचे मूळ इंग्लंडमध्ये दुसऱ्या हेन्रीने 1166 मध्ये काढलेल्या क्लॅरेंडनच्या फर्मानात सापडते. प्रत्येक भागातील बारा भल्या माणसांनी आपल्या भागातले संशयित गुन्हेगार शपथेवर सांगावेत, असा तो हुकूम होता. पुढे तिचे काम उलट दिशेनेही होऊ लागले. सरकारने आणलेला आरोप खटला चालवण्याजोगा आहे का, हे ती ठरवी आणि पुरावा अपुरा वाटला तर आरोपपत्र परत करी. न्यूयॉर्कमधील मुद्रक जॉन पीटर झेंगर याच्यावर आरोप ठेवण्यास तिथल्या ग्रँड ज्युरींनी 1734 मध्ये नकार दिला. सरकारला तिला वगळून थेट फिर्याद आणावी लागली. स्वातंत्र्यानंतर 1791 मध्ये पाचव्या घटनादुरुस्तीने देहान्ताच्या व इतर गंभीर संघीय गुन्ह्यांसाठी ग्रँड ज्युरी अनिवार्य केली. कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडू नये, हे कलमही त्याच दुरुस्तीत आहे. सक्तीने विचारणारी संस्था आणि गप्प राहण्याचा हक्क असे एकाच परिच्छेदात शेजारी येऊन बसले.

ग्रँड ज्युरीची खोली शपथांनी बांधलेली असे. ज्युरर शपथ घेत ती द्वेष, मत्सर वा आकसापोटी कोणावर आरोप न ठेवण्याची. भीती, माया वा बक्षिसाच्या आशेने कोणाला न सोडण्याची. आणि सरकारचे, सहकाऱ्यांचे व स्वतःचे बोलणे गुप्त राखण्याची. साक्षीदाराची शपथ छोटी होती : खरे, पूर्ण खरे आणि खऱ्याखेरीज काही नाही. त्याच्यावर सर्वसाधारणपणे गुप्ततेचे बंधन नसे. जुन्या रिवाजानुसार शपथ उघड्या न्यायालयात दिली जाई, साक्षीदारांची नावे आरोपपत्राच्या पाठीवर लिहिली जात आणि मग ते आत पाठवले जात. शपथ देण्याचा अधिकार ज्युरीच्या प्रमुखाला पुढे अनेक राज्यांनी कायद्याने दिला. ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधील प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथीयांना बायबलचे चुंबन घेण्याची इंग्रजी रीत मूर्तिपूजेसारखी वाटे, म्हणून तिथे नुसता हात वर करून शपथ घेत.

खरी अडचण होती क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची. ‘शपथच घेऊ नका’ हे येशूचे वचन ते शब्दशः पाळत. इंग्लंडच्या 1696 च्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञा करण्याची मुभा दिली, पण फौजदारी साक्ष आणि ज्युरीचे काम त्यातून वगळले. क्वेकरांनीच वसवलेल्या पेनसिल्व्हेनियात या अपवादाने न्यायदानच अडले. चेस्टर परगण्यात 1715 मध्ये जोनाथन हेज यांचा खून झाला आणि ह्यू प्यू व लॅझरस थॉमस यांच्यावर आळ आला. परंतु प्रतिज्ञेवर बसलेली ज्युरी आणि प्रतिज्ञेवर दिलेली साक्ष वैध की अवैध, या वादात खटला तीन वर्षे रखडला. अखेर 1718 मध्ये दोघे दोषी ठरले. ग्रँड ज्युरीतले कितीतरी जण क्वेकर होते, शपथेवर नव्हे तर प्रतिज्ञेवर बसले होते, असे गाऱ्हाणे त्यांनी राजाकडे मांडले. ते न ऐकता दोघांना फाशी देण्यात आले. त्याच वर्षी वसाहतीने इंग्लंडचे कडक फौजदारी कायदे स्वीकारले आणि त्या बदल्यात प्रतिज्ञा कायदेशीर करून घेतली. आपल्या धर्माज्ञेसाठी क्वेकरांनी मोजलेली ही किंमत जबर होती : त्यांच्या सौम्य दंडसंहितेच्या जागी अनेक गुन्ह्यांना फाशी आली.

शपथेचे बळ ती घेणाऱ्याच्या श्रद्धेत असते, हे तत्त्व इंग्लंडमध्ये एका भारतीय दाव्याने पक्के केले. कलकत्त्याचे व्यापारी ओमीचंद आणि बार्कर यांच्यातील 1744 च्या दाव्यात हिंदू साक्षीदारांनी ब्राह्मणाच्या पायाला हात लावून घेतलेली शपथ लंडनच्या न्यायालयाने ग्राह्य धरली. अमेरिकेतील न्यायालयांनीही या निर्णयाचा आधार घेतला. मुंबईत ब्रिटिशांनी ग्रँड ज्युरी आणली खरी, पण भारतीयांना तिच्यात बसण्याची मुभा 1832 च्या कायद्याने मिळाली. ती ज्युरी 1865 मध्ये बंद झाली.

अमेरिकेच्या नव्या संघराज्यात दोन कायद्यांनी चौकट घातली. 1789 च्या न्यायव्यवस्था कायद्याने संघीय न्यायालयांना शपथ देण्याचा आणि अवमानाबद्दल आपल्या मर्जीने दंड वा कैद देण्याचा अधिकार दिला. 1790 च्या गुन्हेविषयक कायद्याने खोट्या साक्षीला तीन वर्षांपर्यंत कैद, 800 डॉलरपर्यंत दंड, तासभर खोड्यात उभे राहणे आणि पुढे साक्ष देण्याची अपात्रता अशी शिक्षा ठेवली. शिक्षेतला फरक इथे पाहण्याजोगा आहे. खोटे बोलल्याची शिक्षा ठरलेली होती. न बोलल्याची शिक्षा न्यायाधीशाच्या मर्जीवर होती, आणि बोलायला तयार होताच ती संपू शकत होती. तुरुंगाची किल्ली साक्षीदाराच्याच खिशात असते, असे वकील याविषयी म्हणत आले आहेत.

या सगळ्याची कसोटी 1807 मध्ये रिचमंडला लागली. माजी उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅरन बर यांच्यावरील राजद्रोहाच्या आरोपाचा विचार करायला जॉन रँडॉल्फ यांच्या प्रमुखत्वाखाली सोळा जणांची ग्रँड ज्युरी बसली. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्यासमोर साक्षीदार शपथ घेत आणि ज्युरीच्या खोलीत जात. बर यांचे सहकारी एरिक बोलमन यांना राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी माफी देऊ केली. माफी मिळाली की स्वतःविरुद्ध साक्षीची सबब उरणार नव्हती. बोलमन यांनी ती भर न्यायालयात नाकारली, कारण ती घेणे म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखेच होते.

त्याहून महत्त्वाचे ठरले बर यांचे कारकून चार्ल्स विली यांचे प्रकरण. सांकेतिक लिपीतले एक पत्र पुढे करून, हे तुम्हाला कळते का, असे त्यांना विचारले गेले. उत्तर आपल्याच अंगाशी येईल, असे विली यांचे म्हणणे. मार्शल यांचा निर्णय आजही वाचण्याजोगा आहे. दोषसिद्धीची साखळी अनेक कड्यांची असते, त्यातली एकही कडी स्वतःच्या तोंडाने पुरवण्याची सक्ती साक्षीदारावर नाही, असे त्यांनी मान्य केले. मात्र एखादे उत्तर अशी कडी ठरू शकते की नाही, हे न्यायालय पाहील. पत्र आज कळते याचा अर्थ ते लिहिले तेव्हाही कळत होते असा होत नाही, म्हणून या प्रश्नाचे उत्तर विली यांना द्यावेच लागेल. साक्षीदाराला नुसते ‘अंगाशी येईल’ म्हणून सुटता येणार नाही आणि सरकारलाही त्याला सर्रास पिळता येणार नाही, अशी ही रेघ होती. ती पुरेशी नेमकी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्याच सुनावणीत अवमानाचे हत्यार उलटही फिरले. अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल विल्किन्सन यांनी न्यू ऑर्लिन्सहून एका साक्षीदाराला जबरदस्तीने रिचमंडला पाठवल्याचा आरोप करून बर यांनी त्यांच्यावर अवमानाची कारवाई मागितली. मार्शल यांनी ती फेटाळली. राज्यांतही हाच प्रश्न उठत होता. मिसूरीत 1829 मध्ये, गेल्या बारा महिन्यांत या परगण्यात फॅरो या पत्त्यांच्या जुगारात पैसे लावणारा कोणी माहीत आहे का, असे ग्रँड ज्युरीने एकाला विचारले. ठरावीक माणसावर आरोप नसतानाही हा प्रश्न योग्य आहे आणि उत्तर द्यावे लागेल, असे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने ठरवले.

न्यायाधीशांच्या बेलगाम मर्जीला आवर मात्र वेगळ्याच कारणाने बसला. मिसूरीचे संघीय न्यायाधीश जेम्स पेक यांनी आपल्या निकालावर वर्तमानपत्रात टीका केली म्हणून ल्यूक लॉलेस या वकिलाला 1826 मध्ये चोवीस तास कैदेत टाकले आणि अठरा महिने वकिली करण्यास मनाई केली. पेक यांच्यावर महाभियोग चालला. सिनेटमध्ये 21 मते दोषी आणि 22 मते निर्दोष पडून ते बचावले. लगेच 2 मार्च 1831 चा कायदा झाला. अवमानाची शिक्षा आता न्यायालयासमोर वा अगदी नजीक झालेले गैरवर्तन, न्यायालयीन अधिकाऱ्यांचे गैरवर्तन आणि कायदेशीर आदेशाची अवज्ञा एवढ्यापुरतीच राहिली. अवज्ञा करणाऱ्यांच्या यादीत साक्षीदाराचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. पत्रकारी टीका सुटली, ग्रँड ज्युरीपुढचा मुका साक्षीदार सुटला नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 1851 मध्ये हर्ड विरुद्ध पिअर्स या खटल्यात ग्रँड ज्युरीपुढे साक्ष नाकारणाऱ्याला अवमानाबद्दल कैद करण्याचा न्यायालयाचा अधिकार उचलून धरला. अशा कैदेला संघीय कायद्याने मुदत घातली ती थेट 1970 मध्ये : ग्रँड ज्युरीचा कार्यकाळ, आणि कोणत्याही परिस्थितीत अठरा महिन्यांहून अधिक नाही.