पार्श्वभूमी : नागपूरच्या मुलांना इतिहास कोणाच्या गोष्टींतून कळतो?

चौथीतल्या नागपूरच्या पोराला प्रतापगडाचा पायथा, शामियाना, वाघनखे हे सगळे घडाघडा सांगता येते. सीताबर्डीच्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला कोण कोणाशी लढले, हे विचारा, गप्प होतो. दोष पोराचा नाही. थोरांच्या गोष्टींतून इतिहास शिकवायचा म्हटले की कोणाच्या गोष्टी, हे कोणीतरी ठरवावे लागते. नागपूरसाठी ते बहुधा दुसऱ्याच गावी ठरले.

पद्धत आपल्याकडे जुनी. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावत, शाहीर डफावर पोवाडा म्हणत. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर लिहिला तो पोवाडाच. साहेबाच्या देशातही हेच वारे होते. जगाचा इतिहास म्हणजे थोर पुरुषांची चरित्रे, असे इतिहासकार कार्लाइलने १८४० च्या व्याख्यानांत मांडले. थोर माणसाला आधी समाजच घडवतो, असे उत्तर पुढे समाजशास्त्रज्ञ स्पेन्सरने दिले. प्राथमिक शाळेत मात्र कार्लाइलच टिकला, कारण नऊ वर्षांच्या मुलाला सारावसुली कळत नाही, गनिमी कावा कळतो.

नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी. शाळा काही हिंदी, काही मराठी. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि १९७० मध्ये चौथीचे ‘शिवछत्रपती’ आले. पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिलेले दुसरे पाठ्यपुस्तक मला तरी माहीत नाही. आता तोच विषय परिसर अभ्यास भाग २ म्हणून शिकवतात. या ‘परिसरा’त सह्याद्री आहे, गोंड राजे आणि नागपूरकर भोसले नाहीत.

शिवचरित्राला बखरी आणि पोवाड्यांनी प्रसंग आधीच घडवून दिले होते, हेही खरे. बारा खेडी जोडून नागपूर वसवणाऱ्या गोंड राजा बख्त बुलंद शाहाच्या आयुष्यात असा सुटा काढून सांगता येईल असा प्रसंग सापडत नाही. शहर वसवण्याची गोष्ट रंगवणार कशी?

मग नागपूरने आपल्या गोष्टी रस्त्यावर ठेवल्या. तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल सजवून दारोदार जातात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे घेतात. ही प्रथा नागपूरचे भोसले राजे दुसऱ्या रघुजींनी १८०६ मध्ये सुरू केली, असे घरची म्हातारी माणसे सांगतात. त्याच सुमारास मारबत, म्हणजे बाईच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. १८८१ पासूनची काळी मारबत म्हणजे बाकाबाई, इंग्रजांना फितूर झालेली राणी, हे इतवारीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत तोही मिरवणुकीमागे पळतो.

गोष्ट पक्की बसते ती अशी, आणि तिची खोडही इथेच दिसते. बाकाबाईने १८५७ मध्ये इंग्रजांची बाजू घेतली, हे खरे. पण राज्य त्याआधीच गेले होते: नागपूरचे राजे तिसरे रघुजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने वारसा नामंजूर करून राज्य खालसा केले, तो त्याच्या धोरणाचा भाग होता. १८१७ मध्ये सीताबर्डीला इंग्रजांशी लढलेले आप्पासाहेब भोसले नंतर कैदेतून निसटले, १८४० मध्ये जोधपूरला वारले. धोरणाचा पुतळा करता येत नाही; बाईचा येतो. आप्पासाहेबांची मिरवणूक मात्र कोणी काढली नाही.

२०२५ मध्ये पहिल्या रघुजींची तलवार लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने ४७.१५ लाख रुपयांना सोडवून आणली आणि त्यांचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आले. रघुजींची गोष्ट रंगेल अशी आहे. त्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४२ पासून बंगालवर चालून जात होते. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दी खानाने त्यांना बोलणी करायला शामियान्यात बोलावले आणि दगा करून मारले. अफझलखानाच्या भेटीला तोडीस तोड प्रसंग, फक्त शेवट उलटा. पण वर्गात सांगायला बसले की अडचण लगेच उभी राहते. नागपूरच्या याच फौजेला बंगालमध्ये ‘बर्गी’ म्हणतात, आणि लुटालुटीची आठवण तिथल्या अंगाईत उरली आहे: बाळ झोपले, आळी शांत झाली, देशात बर्गी आले, आता सारा कुठून द्यायचा?