धुराड्याची झडप

धुराड्याची झडप म्हणजे चुलीचं, भट्टीचं किंवा फायरप्लेसचं धुराडं हवं तेव्हा उघडायची आणि हवं तेव्हा बंद करायची सोय. कारखान्यात हिला डँपर म्हणतात, घरगुती बोलण्यात नुसतं झाकण किंवा पत्रा. धूर जावा म्हणून ठेवलेल्या भोकातून विस्तव विझल्यावरही घरातली ऊब जात राहते, ती अडवणं हे झडपेचं मुख्य काम. मराठवाड्यात घर तापवायला फायरप्लेस बांधायची पद्धत नाही, इथली थंडी शेकोटी, शेगडी आणि वाकळेवर निभते, पण माळवदाच्या (सपाट मातीच्या छताच्या) घराचं सानं, म्हणजे छतातलं उजेडाचं आणि धुराचं भोक, आणि निर्धूर चुलीचा पाइप या दोन्हींना हवेचा तोच नियम लागतो म्हणून त्यांचा विचार इथंच केलाय.

नाव आणि उगम : धुराडं हा शब्द धूर वरून आला हे उघड आहे. चिमणी मात्र इंग्रजीतून आला, तिथं फ्रेंचमधून, त्याच्या मागं लॅटिन कॅमिनाटा आणि त्याहून मागं ग्रीक कामिनोस म्हणजे भट्टी. आपल्याकडच्या चिमणी पाखराचा त्याच्याशी संबंध नाही, रॉकेलच्या चिमणीचा मात्र आहे. भिंतीतलं धुराडं पहिल्यांदा कुठं झालं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहीजण रोमन काळातल्या बेकऱ्या आणि हमामखान्यांच्या भिंतीतल्या नळ्यांपर्यंत मागं जातात, पण त्या नळ्या भट्टीच्या आणि जमिनीखालच्या गरम हवेच्या होत्या, बसायच्या खोलीतल्या उघड्या विस्तवाच्या नव्हत्या, त्यामुळं त्यांना घरगुती धुराड्याचे थेट पूर्वज म्हणणं जरा ओढून ताणून वाटतं. दुसरं मत युरोपातल्या बाराव्या शतकाच्या आसपासच्या किल्ल्यांकडं बोट दाखवतं, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कॉनिसब्रो किल्ल्यातलं साधारण 1185 चं धुराडं त्यासाठी नेहमी सांगितलं जातं. व्हेनिसमध्ये 1347-48 च्या भूकंपात बरीच धुराडी पडल्याची नोंद आहे, म्हणजे तोपर्यंत ती शहरात सर्रास असणार. दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. सामान्य घरात धुराडं यायला मात्र त्यानंतरही बराच काळ गेला, तोवर विस्तव खोलीच्या मध्यात आणि धूर छपराच्या भोकातून, अगदी आपल्या जुन्या घरांसारखाच.

झडपेचा उगम एका माणसाला देता येत नाही. लेखी पुराव्यात अमेरिकेतला शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनचं नाव ठळक दिसतं. त्यानं 1744 मध्ये आपल्या लोखंडी शेगडीची माहिती छापली, तिच्यात धुराची वाट कमीजास्त करायची पट्टी होती, आणि डिसेंबर 1758 च्या एका पत्रात त्यानं लंडनच्या घरात धुराड्याच्या गळ्यात, म्हणजे विस्तवाच्या वरच्या अरुंद भागात, सरकती लोखंडी पट्टी बसवल्याचं सविस्तर लिहिलंय. त्याच पत्रात एक निरीक्षण आहे ते आपल्या भागासाठी फार मोलाचं आहे : उन्हाळ्यात विस्तव नसतानाही धुराड्यात हवा चालू असते, संध्याकाळी पाच-सहापासून सकाळी आठ-नऊपर्यंत वर जाते आणि दिवसा उलटी खाली येते. पुढं 1796 मध्ये काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञानं धुराड्याचा गळा जेमतेम 4 इंच ठेवायला आणि बाजूच्या भिंती तिरप्या घ्यायला सांगितलं, त्यामुळं धूर नीट ओढला जाऊन आच खोलीत जास्त फेकली जाऊ लागली. स्वीडनमध्ये तर 1767 मध्ये क्रॉनस्टेट आणि व्रेडे यांनी धूर पाच नागमोडी वाटांनी फिरवून त्याची उष्णता विटांत मुरवणारी भट्टी केली, सरपण वाचवणं हाच तिचा हेतू होता.

ऊब जाते कशी : गरम हवा हलकी असते, ती वर चढते आणि तिची जागा घ्यायला दाराखालून, खिडकीच्या फटीतून गार हवा आत येते. आत 20 अंश, बाहेर 10 अंश आणि धुराडं 15 फूट उंच असेल तर या ओढीचा दाब जेमतेम 2 पास्कल (पास्कल हे दाबाचं माप) भरतो, आकडा किरकोळ वाटतो पण 1 चौरस फुटाच्या भोकातून त्याच्यानं हवा सेकंदाला मीटरभर वेगानं सहज जाऊ शकते. म्हणजे 10 बाय 12 च्या, 10 फूट उंच खोलीतली सगळी हवा साधारण 6 मिनिटांत बदलली, अर्थात फटींतून तेवढी हवा आत येत असेल तर. विस्तव पेटलेला असताना ओढ याच्या कितीतरी पट वाढते, म्हणून उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाच्या उष्णतेपैकी 10 ते 15 टक्केच खोलीला मिळते असं साधारण धरतात, बंद काचेच्या दाराची चांगली शेगडी 60 ते 80 टक्क्यांपर्यंत जाते. शेकणाऱ्याचं तोंड भाजतं आणि पाठ गारठते ते यामुळंच.

घरात गळती आहे का हे बघायला उदबत्ती पुरते. रात्री पंखा बंद करून ती धुराड्याच्या तोंडाशी धरायची, धूर सरळ वर न जाता आत वाकून सुर्रकन ओढला गेला तर झडप बसत नाहीये. नंतर तीच उदबत्ती दाराच्या उंबऱ्याशी न्यायची, तिथं धूर खोलीकडं ढकलला जातो, म्हणजे एकीकडून गेलेली हवा दुसरीकडून भरून निघताना डोळ्याला दिसते.

उपाय : गळ्यातली बिडाची झडप सगळ्यात जुनी, पण आचेनं ती वाकते, कडेला काजळी बसते आणि पूर्ण मिटत नाही. धुराड्याच्या माथ्यावर बसणारी रबरी कडेची झडप जास्त घट्ट, तिची स्टीलची तार खाली विस्तवापर्यंत लोंबते आणि पावसाचं पाणी, कबुतरं दोन्ही अडतात. फुगवून बसवायचे प्लास्टिकचे फुगेही मिळतात. पोतं किंवा चिंध्या कोंबू नयेत, त्या ओल धरतात आणि विसरून विस्तव केला की पेट घेतात, काहीही बसवलं तरी खाली दिसेल अशी लाल चिंधी बांधून ठेवावी. तोंडाला काचेचं दार लावलं तर विस्तव मंदावल्यावरची गळती कमी होते, आणि हाच काळ सगळ्यात वाईट, कारण आच उरलेली नसते पण झडप लावता येत नाही.

ती का लावता येत नाही हे नीट समजून घ्यावं. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. राख हाताला गार लागेपर्यंत झडप लावायची नाही, रात्री विस्तव केला असेल तर सरळ सकाळी लावावी. दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपणं हाही तोच धोका आहे, आणि आपल्याकडं हिवाळ्यात घरोघरी बजावून सांगावं अशी ही गोष्ट आहे.

मराठवाड्यात : इथला हिवाळा छोटा, पण कोरड्या हवेमुळं रात्री पारा झपकन उतरतो, परभणीत कृषी विद्यापीठात डिसेंबर 2018 च्या शेवटी तो 3 अंशांच्या आसपास गेला होता. माळवदाच्या घरात चुलीच्या वर छताला हातभर सानं ठेवलेलं असायचं, उजेड त्यातून आणि धूरही त्यातूनच. थंडीत चूल विझून राख पार गार झाली की आजी जिन्यानं माळवदावर जायची, सान्यावर घमेलं उपडं घालायची आणि वर एक दगड ठेवायची, पहाटे तुराट्या पेटवायच्या आधी ते काढायची. उन्हाळ्यात मात्र ते रात्रभर उघडं, फ्रँकलिननं लिहिलेली संध्याकाळची वर जाणारी हवा इथं घर निववायच्या कामाला येते.

निर्धूर चुलीच्या इतिहासातही आपला भाग येतो. हैदराबादच्या इंजिनिअरिंग रिसर्च लॅबोरेटरीचे एस. पी. राजू यांनी धुराड्याची मातीची चूल तयार केली, तिच्यात हवा कमीजास्त करायला पत्र्याच्या सरकत्या झडपा होत्या, आणि 1953 मध्ये त्याची पुस्तिका काढली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. पुढं 1983 पासूनच्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सिमेंटच्या पाइपाच्या चुली गावोगाव बसल्या, पण पाइप झाडला नाही की काजळीनं तुंबतो आणि धूर पुन्हा घरात, हे अनेक घरांनी अनुभवलंय.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर लातूर-धाराशिवकडं स्लॅबची आणि पत्र्याची घरं आली, त्यात सानं नाही. इतरत्र जी माळवदं टिकून आहेत त्यांच्या सान्यावर आता काच किंवा फायबरचा तुकडा बसवलेला दिसतो, स्वयंपाक गॅसवर होतो आणि अंघोळीच्या पाण्याची चूल अंगणात गेली आहे.