पाचशे ठिकाणी लिंक टाकली की पान पहिलं येतं?

बरीच वर्षं फिरणारा एक दावा: ‘आमचं सॉफ्टवेअर तुमची लिंक एका क्लिकवर पाचशे सोशल बुकमार्किंग साइटवर टाकेल, मग सर्चमध्ये तुमचं पान सगळ्यात वर.’

हे पटतं, कारण मुळात त्यात तथ्य होतं. 2003-04 च्या सुमारास लोक आवडलेली पानं अशा साइटवर स्वतः साठवून ठेवत. त्यामुळे सर्च इंजिनच्या लेखी प्रत्येक लिंक म्हणजे एका खऱ्या वाचकाची शिफारस. पुढे शिफारशी यंत्रंच करू लागली, तेव्हा त्यांचं वजन उतरणारच. 2005 मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण आली. लिंकला ती असली की सर्च इंजिनला कळतं, ‘या लिंकची हमी आम्ही घेत नाही.’ वाचकांना लिंक टाकू देणाऱ्या बऱ्याच साइट ही खूण आपोआप लावतात.

पैसे भरण्याआधी पडताळून पाहा. विक्रेत्याकडून नमुन्याच्या चार लिंक मागा. त्यातलं एक पान संगणकावर उघडा, राइट क्लिक करून ‘व्ह्यू पेज सोर्स’ निवडा आणि इंग्रजी अक्षरांत नोफॉलो (nofollow) किंवा यूजीसी (ugc, म्हणजे ‘ही लिंक वाचकाने टाकली आहे’ असं सांगणारी तशीच खूण) शोधा. बहुधा तिथेच उलगडा होतो. नाही झाला, तर त्या पानाचा पत्ता सर्चमध्ये टाका. पुष्कळदा ते पानच निकालात सापडत नाही. आधीच पैसे भरले असतील, तर वेबसाइटच्या आकडेवारीत ‘रेफरल’ बघा, म्हणजे त्या पाचशेंपैकी कुठून किती माणसं आली ते दिसेल.

हाताने, मोजक्या ठिकाणी, विषयात रस असलेल्या लोकांपुढे लिंक ठेवणं ही वेगळी गोष्ट. त्यातून वाचक येतात, हळूहळू का होईना.