अपिलाच्या ऑर्डरविरुद्ध रिट: हद्द कुठल्या हायकोर्टाची

खालच्या साहेबाची ऑर्डर एका गावात झाली, अपील दुसऱ्याच राज्यात फेटाळलं, मग आता रिट (सरकारी आदेशाविरुद्धचा थेट अर्ज) कुठल्या हायकोर्टात टाकायची, हा हद्दीचा प्रश्न. संविधानाचं कलम २२६(२) सांगतं की कॉज ऑफ ॲक्शनचा, म्हणजे ज्या घटनांवर केस उभी राहते त्यांचा, थोडाजरी भाग ज्या हायकोर्टाच्या हद्दीत घडला तिथं रिट चालते, ऑफिस कुठंही असो. १९६३ च्या १५व्या घटनादुरुस्तीआधी हे नव्हतं, दिल्लीतल्या ऑफिसशी भांडायचं तर मद्रासच्या माणसानंही पंजाब हायकोर्ट गाठायचं, कारण दिल्ली तेव्हा त्याच्या हद्दीत.

कुसुम इंगॉट्स (२००४) या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की मूळ अधिकारी एकीकडं आणि अपिलीय अधिकारी दुसरीकडं असेल तर दोन्हीकडं रिट चालू शकते. पण चालू शकते म्हणजे कोर्ट घेईलच असं नाही बरं का, सोयीचं कोर्ट दुसरं आहे म्हणून परत पाठवू शकतं, आणि दिल्ली हायकोर्टाच्या ५ न्यायाधीशांनी २०११ ला स्टर्लिंग ॲग्रोमध्ये तेच सांगितलं, अपिलीय अधिकारी दिल्लीत बसतो एवढ्यावर भागत नाही. इन्कम टॅक्स ट्रायब्युनलच्या निकालावरच्या अपिलात तर चॉईसच नाही, असेसिंग ऑफिसर (कर ठरवणारा अधिकारी) जिथला तिथलं हायकोर्ट (एबीसी पेपर्स, २०२२).

आता समजा कागलचा गडी बेळगावात राष्ट्रीयीकृत बँकेच्या नोकरीत, बडतर्फी तिथंच, अपील बेंगळुरूत फेटाळलं आणि पत्र पोस्टमननं कागलच्या घरी दिलं. कोल्हापुरात, म्हणजे मुंबई हायकोर्टाच्या तिथल्या बेंचपुढं, रिट चालेल? सुप्रीम कोर्टाचा स्वैका (१९८५) निकाल म्हणतो नुसती नोटीस हातात पडली म्हणून हद्द येत नाही, तर नवलकिशोर शर्मा (२०१४) मध्ये अनफिट ठरवलेल्या खलाशाला नोकरी संपल्याचं पत्र बिहारात घरी मिळालं, नुकसानभरपाईची मागणीही त्यानं तिथूनच केलेली, त्याची रिट पाटण्यात चालली. सगळं फॅक्ट्सवर असतं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या ६ जिल्ह्यांसाठी कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ) सुरू आहे, त्यामुळं लोक विचारतात की फेरफाराचं भांडण तलाठ्यापासून प्रांत, पुण्याचे आयुक्त करत मंत्रालयात संपलं तर काय. ते २२६(२) चं भांडण नव्हेच, हायकोर्ट एकच आहे, कुठली केस कुठं लागायची ते मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशानं ठरतं. कागलच्या गड्याचं मात्र राज्यच बदलतं, म्हणून त्यानं पत्राचं पाकीटसुद्धा जपून ठेवावं, पत्र कुठं मिळालं ते दाखवणारा पोस्टाचा शिक्का त्याच्यावरच असतो.