अंगावरचं पित्त, पोटातलं पित्त आणि रक्तातलं पित्त

मागच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या जावेला आठवा लागला होता आणि ती रात्री दोन-अडीचला उठून मोरीत बादलीभर पाण्यात तळपाय बुडवून बसायची. आम्हाला वाटलं उन्हाळाय, सोलापूरचा मे म्हणजे 42-43 ठरलेलंच, त्यात पोट एवढं मोठं, घाम येणार खाज सुटणार. सासूबाई म्हणाल्या पित्त झालंय, आमसूल भिजवून लाव. शेजारच्या काकू म्हणाल्या बाळाला जावळ दाट आहे म्हणून आईला खाज सुटते. तिनं आमसूल लावलं, अंगावर एक पुटकुळी नव्हती तरी लावलं.

आता बघा, आपण पित्त हा एकच शब्द तीन गोष्टींना वापरतो. छातीत जळजळलं तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तर पित्त, आणि लिव्हरमध्ये तयार होऊन पचनाला आतड्यात उतरतो तो रसही पित्तच. आमसुलाचा उपाय गांधींसाठीचा. जावेचं निघालं ते तिसरं पित्त, आणि त्याला आमसूल, कोकम, सब्जा काही म्हणजे काही चालत नाही. गरोदरपणात हार्मोन्स खूप वाढतात, त्यामुळे काही बायकांच्या लिव्हरमधून पित्त बाहेर पडायचं मंदावतं आणि पित्तातली आम्लं रक्तात साचतात. याला डॉक्टर कोलेस्टेसिस म्हणतात. बहुतेक वेळा शेवटच्या तीन महिन्यांत होतं. खाज तळहात-तळपायांना जास्त, रात्री तर फारच, आणि पुरळ नसतं, अंगावर दिसतात ते फक्त खाजवल्याचे ओरखडे. काहींना लघवी गडद होते, डोळे पिवळे दिसतात, पण ते होईपर्यंत थांबायचंच नाही.

कारण आईला नुसती खाज असली तरी बाळाचं तसं नसतं. रक्तातली ही आम्लं 40 मायक्रोमोल प्रति लिटरच्या आत असतील तर बाळाला जास्तीचा धोका फारसा नसतो, पण 100 किंवा त्याच्या वर गेली तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका खरंच वाढतो. म्हणून लॅबमध्ये नुसती एलएफटी, म्हणजे लिव्हरची नेहमीची रक्ततपासणी, नाही तर बाईल ॲसिडची, म्हणजे या पित्तातल्या आम्लांची टेस्ट पण करायची, आणि पहिली नॉर्मल आली पण खाज चालूच राहिली तर पुन्हा करायची, कारण कधीकधी खाज आधी येते आणि आकडा नंतर चढतो.

आता पुरळ असेल तर गोष्ट वेगळी. पहिलटकरणीला, किंवा जुळं असेल तर, शेवटच्या महिन्यांत पोटावरच्या स्ट्रेच मार्क्समध्येच लाल बारीक पुरळ उठतं आणि मांड्यांवर उतरतं, बेंबी मात्र बहुतेक वेळा मोकळी राहते. पोटाची कातडी भराभर ताणली जाते त्याच्याशी याचा संबंध लावतात. जीव नकोसा होतो पण बाळाला काही होत नाही, बाळंतपणानंतर काही आठवड्यांत जातं. उलट बेंबीच्या आसपासच सुरू झालं आणि पुढं पाण्याचे फोड आले तर तो दुर्मिळ आजार असू शकतो, लगेच स्किनच्या डॉक्टरला दाखवा. घरात अजून कुणी खाजवतंय, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे, तर ती खरूजही असेल, तिची गरोदरपणात चालणारी औषधं आहेत.

एक कळकळीनं सांगते, मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' मागून आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये कडक स्टिरॉइड, फंगसचं आणि जंतूंचं औषध एकत्र असतं. नायटा असेल तर वरून दबतो आणि आतून पसरतो, आणि कडक स्टिरॉइड गरोदरपणात खूप दिवस पोटभर चोळणं बाळाच्या वजनाला बरं नाही. डॉक्टरांनी सौम्य स्टिरॉइड मोजून दिलं तर मात्र घाबरू नका, ते लावा. अँटिसेप्टिक घातलेल्या पाण्यानं अंघोळ पण नको, कातडी अजून कोरडी पडते.

आराम कशानं पडतो तर साध्या गोष्टींनी. कोमट किंवा गार पाण्याची थोडक्यात अंघोळ, अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली. कॅलामाइन चालतं. आपल्याकडं टॉवेलला काय तोटा, जुना धुऊन मऊ झालेला टॉवेल गार पाण्यात पिळून तळपायांना गुंडाळायचा, जावेला यानंच जरा डोळा लागायचा. अंगाखाली नवी जाड चादर नको, आईची जुनी सुती साडी घाला. नखं कापा. खाजेची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

जावेचा बाईल ॲसिडचा रिपोर्ट 52 आला. बाळावर लक्ष ठेवलं, गोळ्या दिल्या, खाज थोडीशीच कमी झाली, आणि 38 व्या आठवड्यात डॉक्टरांनी कळा आणून बाळंतपण केलं. मुलगी झाली, चार-पाच दिवसांत खाज गेली. पण पुढच्या खेपेला हे परत होण्याची शक्यता बरीच असते, म्हणून तो रिपोर्ट तिनं फाइलीत सगळ्यात वर लावून ठेवलाय, पहिल्याच व्हिजिटला दाखवायला.