झाउली आणि गेलेदे : मुखवटा दोन्हीकडे बाईचा, पण नाच एक नव्हे

मोबाइलवर अधूनमधून एक व्हिडिओ येतो. रंगीत मुखवटा घातलेला नर्तक, कमरेच्या वरचं अंग जवळजवळ स्थिर, आणि पाय असे पडतायत की नजर ठरत नाही. खाली नुसतं ‘आफ्रिकन नाच’ असं लिहिलेलं असतं. तो झाउली असतो. पुढे कधी गेलेदेचा व्हिडिओ आला, तर तोही त्याच नावाखाली जमा होतो. दोन्ही पश्चिम आफ्रिकेतले, दोन्हींत बाईचा मुखवटा चढवून पुरुष नाचतो, दोन्ही युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. गल्लत होणारच. पण बाईचा मान करणं म्हणजे काय, याची दोघांची उत्तरं फार वेगळी आहेत.

झाउली आयव्हरी कोस्टमधल्या गुरो लोकांचा. बुआफ्ले आणि झुएनुला हा त्याचा मुलूख. वयानं तसा तरुण, साधारण १९५० च्या दशकातला. त्याचं दुसरं नाव ‘जेला लू झाउली’, म्हणजे जेलाची लेक झाउली. मुखवट्यांचे सात प्रकार आहेत आणि प्रत्येकामागे एक दंतकथा. इथे मान आहे तो बाईच्या सौंदर्याचा. म्हणून मुखवटा नाजूक, कोरीव आणि थेट चेहऱ्यावर चढवलेला. अंगात घट्ट विणलेला पोशाख, मनगटांना आणि घोट्यांना तंतूंचे झुबके. ढोल आणि बासरीच्या साथीवर पाय धावत असतात, आणि वरचा तो चेहरा मात्र शांत. मला या नाचाचा सगळा जीव त्या विरोधात दिसतो.

गेलेदे योरुबा-नागो लोकांचा. बेनिन, नायजेरिया आणि टोगो या तीन देशांत पसरलेला. इथे बाई सुंदर आहे म्हणून नव्हे, तर ती सामर्थ्यवान आहे म्हणून नाचायचं. आदिमाता इया न्ला आणि तिच्यामागे गावातल्या सगळ्या ‘आया’. त्यांच्या हाती जीव देण्याचं बळ आहे, तसंच रागावल्या तर घात करण्याचंही. त्यांना प्रसन्न ठेवण्यासाठी सुगीनंतर, आणि दुष्काळ किंवा साथ आली तरीही, गेलेदे होतो. आदल्या रात्री ‘एफे’ हा मुखवटाधारी गायक गातो. त्याच्या गाण्यांत स्तुती असते, प्रार्थना असते आणि गावातल्या चुकार माणसांची खिल्लीही. विशेष म्हणजे गेलेदे सादर करणाऱ्या मंडळाला पुरुष प्रमुख असतो तशी स्त्री प्रमुखही असते. मुखवट्यांच्या मंडळांत हे फार दुर्मीळ आहे. त्यामुळे ‘पुरुषांनी केलेलं बाईचं सोंग’ एवढंच म्हणून गेलेदेची बोळवण करणं मला अन्यायाचं वाटतं.

ओळखायची खूण मुखवट्यातच आहे. गेलेदेचा मुखवटा टोपीसारखा डोक्यावर बसतो, नर्तकाचा चेहरा खाली कापडाआड. लाकडी चेहऱ्याच्या वर साप, पक्षी, बाजारातला प्रसंग, अगदी मोटारसायकल किंवा विमानसुद्धा कोरलेलं सापडतं. झाउलीच्या मुखवट्यावरही कधी कधी प्राणी-पक्षी असतात, म्हणून नुसत्या वरच्या नक्षीवर विसंबू नये. मुखवटा चेहऱ्यावर आहे की डोक्यावर, ते पाहावं. अंगही बघा. गेलेदेचा नर्तक पोशाखाखाली भरणा करून छाती-नितंब भरदार करतो, बहुधा जोडीनं उतरतो, आणि पायातल्या लोखंडी वाळ्यांनी ढोलाचे बोल जसेच्या तसे वाजवतो.

हे शिकणारी पोरं दोन्हीकडे आहेत. झाउली गावागावांत आठवड्यातून दोन-तीनदा होतो, गावोगावच्या चुरशीच्या स्पर्धाही असतात. नवशिके जाणत्यांच्या देखरेखीखाली तयार होतात. गेलेदेत भर दुपारी, साऱ्या गावासमोर, मोठ्यांच्या आधी लहान मुलं मैदानात येतात. वाळे पायाला जड, ताल अजून कच्चा, पण ढोलवाले त्यांच्यासाठीही मनापासून वाजवतात. मग तरुण येतात, आणि कसलेले नर्तक सगळ्यांत शेवटी.