जनरलचं तिकीट सगळ्या गाड्यांना चालतं का?

नांदेड, परभणी, जालन्याच्या फलाटांवर एक समज वर्षानुवर्षं ऐकू येतो: जनरलचं तिकीट एकदा काढलं की समोर येईल त्या गाडीत चढावं. हे खरं नाही आणि भुर्दंड बसतो तो नेमका हातावर पोट असणाऱ्याला.

जनरलचं तिकीट तीन प्रकारचं असतं: साधं म्हणजे पॅसेंजरचं, मेल-एक्सप्रेसचं आणि सुपरफास्टचं. प्रकार तिकिटावरच छापलेला असतो. पॅसेंजरचं किमान भाडं १० रुपये, एक्सप्रेसचं ३०. सुपरफास्टला जनरल डब्यात वर आणखी १५ रुपये अधिभार लागतो, स्लीपरला ३०. वरच्या प्रकारचं तिकीट खालच्या गाडीत चालतं, उलट चालत नाही.

गाडी ओळखायची नंबरावरून. सुरुवातीला १२, २० किंवा २२ असेल तर सुपरफास्ट. म्हणून देवगिरी (१७०५७) एक्सप्रेसच्या तिकिटावर चालते, सचखंडला (१२७१५) मात्र अधिभार हवाच. नांदेड ते परभणीसारख्या जवळच्या प्रवासात घाई नसेल, तर पॅसेंजरची वेळ आधी बघा. खरी बचत तिथेच आहे.

जनशताब्दीत बसायलाही आरक्षण लागतं, वंदे भारतला तर जनरल डबाच नाही. वंदे भारतचं तिकीट काढताना ‘जेवण नको’ निवडलं, की खाण्याचे पैसे कमी होतात. हा पर्याय अनेकांना कुणी सांगतच नाही, सांगायला हवा.

खिडकीवर नुसतं ‘एक परभणी’ म्हणू नका. गाडीचं नाव सांगा.